घरातल्या बुजुर्गांचं काम काढून घेऊ नका

बाणकोटच्या खाडीला अलीकडे मंडणगड तालुका आणि पलीकडे श्रीवर्धन, म्हसळा. दोन्ही काठांवर आम्हा कोकणी मुसलमानांचे मोहल्ले आहेत. दुपारी फिरलात तर घरं मोठी दिसतील आणि माणसं थोडी. कमावते पुरुष कुवेत, दम्माम, दोहा, मस्कतला, मुलं शाळेत, घरात सून आणि म्हातारी माणसं. मी इथे आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. माझे मिस्टरही कुवेतला असतात आणि घरात सासू-सासरे आहेत, अम्मी आणि बावा. बीपीचं मशीन घेऊन ज्या घरांत मी जाते, तिथे औषध वेळेवर मिळतं, जेवण चांगलं मिळतं, कुणी उलट बोलत नाही. आईबापांना ‘उफ’सुद्धा म्हणू नका, हे कुरआनमधल्या सूरह (अध्याय) बनी इस्राईलच्या 23 व्या आयतीतलं फर्मान आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. तरीही पुष्कळ बुजुर्ग आतून विझत चाललेले दिसतात. मला त्याचं कारण एकच वाटतं. प्रेमापोटी आपण त्यांच्या हातातलं सगळं काम काढून घेतो. “तुम्ही बसा, आम्ही करतो,” असं दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला थोड्याच दिवसांत कळतं की आपल्यावाचून या घराचं काही अडत नाही.

म्हणून पुढे जे लिहिते आहे ते दोन गोष्टींबद्दल आहे: बुजुर्गांकडे काम कसं ठेवायचं, आणि ते काम त्यांना झेपत राहावं म्हणून शरीर कसं सांभाळायचं.

अडणारं काम द्या

काम द्यायचं म्हणजे वेळ घालवायला काहीतरी हातात द्यायचं, असं नाही. लसूण सोलायला दिला आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरमधली तयार पेस्ट वापरली, तर ते त्यांना बरोबर समजतं. काम असं हवं की त्यांनी केलं नाही तर दुसऱ्या कुणाची खोटी होईल.

आमच्या घरात मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर, मुलांचा सबक (धडा) अम्मी घेतात. मुलं मदरशातही जातात, पण आदल्या दिवशी शिकवलेलं दादीला म्हणून दाखवल्याशिवाय मोबाइल मिळत नाही, आणि मोबाइल दादीच्याच उशीखाली असतो. तो द्यायचा की नाही हे त्या ठरवतात. मी मध्ये पडत नाही. त्यांच्याकडे असलेल्या कामांपैकी हे सर्वांत मोठं आहे, कारण त्यात त्यांचा निर्णय चालतो.

बावांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण आंब्या-काजूच्या बागेची हद्द कुठल्या दगडापासून कुठल्या फणसापर्यंत, कुठल्या कलमाला कोणत्या साली खत घातलं, कब्रस्तानात कुणाची कबर कुठे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मोठ्या नातवाला त्यांच्याबरोबर पाठवा आणि वहीत उतरवून घ्यायला सांगा. हे करताना “दादांच्या आठवणी लिहितो आहे” असं म्हणू नका. जमिनीच्या मोजणीला हे लागणार आहे, ते खरंच लागतं, आणि तसंच सांगा.

रिश्ता जुळवताना बहुतेक घरांत बुजुर्गांना शेवटी कळवतात. ते आधी विचारा. कुठल्या घराण्याशी आधीच दुधाचं नातं आहे, म्हणजे कुणी लहानपणी कुणाचं दूध प्यायलं आहे, हे फक्त म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं आणि निकाहाच्या दृष्टीने ते माहीत असणं फार जरुरीचं आहे. लग्नघरात मेंदीच्या आणि हळदीच्या वेळी आपली कोकणी गाणी म्हणणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्यात. डीजे लावा हवं तर, पण एक रात्र त्यांची ठेवा आणि दोन पोरींना त्यांच्या मागे म्हणायला बसवा.

एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही. म्हातारा माणूस दिवसातून पाच वेळा मशिदीत जातो, जमातीच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळाच्या, बैठकीला बसतो, चार माणसांशी बोलतो. म्हाताऱ्या बाईला अशी जागाच नाही. ती जाते ती मय्यतीला नाहीतर लग्नाला. आमच्या मोहल्ल्यात आम्ही जुम्याच्या दुपारी एकेका घरी कुरआनखानी ठेवायला लागलो. तासभर तिलावत, मग चहा आणि सांदण, आणि मग खऱ्या गप्पा. चालता येत नाही त्यांच्याच घरी पुढची बैठक ठेवायची. मी बीपीचं मशीन तिथेच नेते. तपासणीला या म्हटलं तर न येणाऱ्या बायका तिथे आपणहून हात पुढे करतात.

फोनबद्दलही एवढं सांगते. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इथे इशाची (रात्रीची) नमाज आटपून आईबाप झोपायला टेकतात तेव्हा मुलगा अजून कामावरून परततो आहे. त्यामुळे फोन येतो तो बायकोला, उशिरा, आणि सकाळी “अब्बांना सलाम सांग म्हणाला” एवढंच पोचतं. शुक्रवारी तिथे सुट्टी असते. त्या दिवशी वेळ ठरवून पहिला फोन आईबापांना करा, आणि “जेवलात का, औषध घेतलंत का” याच्या पुढे एक तरी प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं: कौलं या साली काढू का, धाकट्याला कुठल्या शाळेत घालू. मग ते उत्तर पाळा.

वजूची जागा आधी बघा

म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. आमच्या घरांत पडण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे न्हाणी, कारण दिवसातून पाच वेळा तिथे वजूचं, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याचं, पाणी सांडतं आणि माणूस एक पाय उचलून धुतो. पाय बेसिनमध्ये वर टाकून धुणं साठीनंतर बंद करा. न्हाणीत भिंतीला टेकवून चार पायांचं, न घसरणारं स्टूल ठेवा, बसल्यावर गुडघ्याच्या उंचीला नळ येईल असं करून घ्या, आणि शेजारच्या भिंतीत धरायला लोखंडी दांडी पक्की बसवा. प्लंबर आणि गवंडी एका दिवसात हे करून देतात. गल्फहून येणाऱ्या पैशात कमान आणि ग्रॅनाइट होतं, ही दांडी राहून जाते.

फजरला (पहाटेच्या नमाजला) उठणारे बुजुर्ग अंधारात उठतात, बीपीची गोळी घेतलेली असते, आणि एकदम उभं राहिल्यावर चक्कर येते. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून थोडा वेळ बसायचं, मग उभं राहायचं, ही सवय लावा. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा असू द्या. पाय गुंतेल अशी सतरंजी वाटेतून काढा. नमाजचा मुसल्लाही गुळगुळीत लादीवर सरकतो. खाली रबरी जाळी घाला.

डायबेटिस असणाऱ्यांसाठी हे नीट वाचा. पाच वेळा ओले झालेले पाय पुसले नाहीत की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फाटते, आणि डायबेटिसमध्ये पायाला कळतच नसल्यामुळे जखम आत जाते. वजूच्या जागी एक सुती फडका फक्त पायांसाठी टांगून ठेवा आणि प्रत्येक बेचकं कोरडं करायला लावा. वर्षानुवर्षं नमाजात बसून घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घट्टा पडलेला असतो. तो ब्लेडने कापू नका. त्याच्याभोवती लाली, पाणी किंवा वास दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. मी दर भेटीत आधी पायच बघते, आणि ते बघायला कुणी आशा लागत नाही. नातवंडाने दादाचे पाय दाबताना बघितले तरी चालतात. हिवाळ्यात गरम पाणी वजूला देताना आधी तुमच्या कोपराने बघा, त्यांच्या पायाला चटका कळणार नाही.

खुर्चीवर नमाज पढायला पुष्कळजण लाजतात. विशेषतः जे पूर्वी मशिदीत पहिल्या सफेत (रांगेत) उभे राहायचे, ते खुर्ची नको म्हणून घरीच राहायला लागतात, आणि मग हळूहळू बाहेर पडणंच बंद होतं. शरीअतमध्ये बसून, बसता येत नसेल तर आडवं होऊन, इशाऱ्याने नमाज आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने वाकायला मना केलं असेल तर तेवढे दिवस सजदा इशाऱ्यानेच. पण हे सुनेने सांगून पटत नाही. पेशइमामांना घरी चहाला बोलवा आणि त्यांच्या तोंडून सांगू द्या. जमातीने मशिदीत दोन-चार मजबूत, हात नसलेल्या नव्हे तर हात असलेल्याच खुर्च्या ठेवाव्यात. उठताना आधार लागतो.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते सांगते. लघवी थेंब थेंब गळणं. म्हाताऱ्या बायकांमध्ये आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांमध्ये हे फार आहे. कपडे नापाक झाले या शरमेने माणूस नमाज सोडतो, मग मशीद सोडतो, मग लग्नाला जाणं सोडतो, आणि घरच्यांना वाटतं की तब्येत उतरली. काहीजण गळू नये म्हणून पाणीच कमी पितात; त्याने लघवीला जळजळ सुरू होते आणि त्रास वाढतो. शरीअतमध्ये अशा माणसाला माजूर म्हणून सवलत आहे: वेळ झाल्यावर स्वच्छता करून पॅड बदलायचं, त्या नमाजासाठी नवा वजू करायचा, आणि नंतर थेंब गळला तरी नमाज होतो. हेही पेशइमामांकडून किंवा जाणत्या आलिमाबाईकडून नीट समजून घ्या. त्याच वेळी डॉक्टरलाही दाखवा, कारण यातला पुष्कळ त्रास औषधाने आणि व्यायामाने कमी होतो. पॅडचं पाकीट त्यांच्या कपाटात ठेवा, सगळ्यांसमोर दुकानातून मागवू नका.

रमजानची तयारी शाबानच्या आधी

साखर, बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना रमजानच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे त्याच्या अलीकडचा शाबान महिना लागण्यापूर्वीच, डॉक्टरकडे न्या आणि सरळ विचारा: हे रोजे ठेवू शकतात का, आणि ठेवले तर कुठली गोळी इफ्तारला, कुठली सहेरीला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपाशी पोटी साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून डोस स्वतःच्या मनाने पुढेमागे करायचा नाही. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं राहिली असली तरी. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच साखरेचं पाणी द्या.

बरं होण्याची आशा असलेल्या आजाऱ्याने रोजे नंतर कजा करायचे, म्हणजे भरून काढायचे. ज्याला आता कधीच झेपणार नाही त्याच्यासाठी सूरह बकराच्या 184 व्या आयतीत फिदिया, म्हणजे रोजाच्या बदल्यात गरिबाला अन्न देणं, आहे. आम्ही शाफई मजहबचे (पंथाचे), आमच्याकडे एका रोजाचा एक मुद धान्य, म्हणजे साधारण सहाशे ते साडेसातशे ग्रॅम तांदूळ. हनफी घरांत माप वेगळं आहे, आपल्या इमामांना विचारा. महत्त्वाची गोष्ट ही की फिदिया परस्पर देऊन टाकू नका. तांदूळ घरी आणा, त्यांच्यासमोर मापा, आणि त्यांच्या हाताने द्या.

कारण जन्मभर रोजे ठेवलेल्या माणसाला रमजानमध्ये दिवसा जेवायला बसणं फार जड जातं. बंद दाराआड, चोरासारखं जेवतात. बावांचं मन त्या दिवसांत सांभाळायचं तर त्यांना रमजानमध्ये सामील ठेवायला लागतं. सहेरीला सगळ्यांना उठवणं त्यांच्याकडे. मशिदीत पाठवायच्या इफ्तारीच्या थाळ्या कुठल्या घरी किती, हे त्यांच्याकडे. जकातीचा हिशेब आणि कुणाला द्यायची त्यांची यादी अम्मींकडे, कारण मोहल्ल्यात कोण हात पसरत नाही पण अडचणीत आहे, हे त्यांनाच कळतं.

विसरणं आणि उदास होणं

नमाज पढली की नाही हे आठवत नाही म्हणून एकच जोहर तीनदा पढणारे बुजुर्ग मी पाहिलेत. “आत्ताच पढलात ना” म्हणून वाद घालू नका. शेजारी बसा आणि तुम्ही आवाजात पढा, ते मागोमाग येतात. ज्यांना नातवाचं नाव आठवत नाही त्यांना अल्हम्दु (कुरआनची पहिली सूरह) पुष्कळदा पूर्ण येतं. त्या वेळी चेहरा कसा शांत होतो ते बघा. अक्कल हरपलेल्या माणसावर नमाज फर्ज राहत नाही, तेव्हा राहिली म्हणून घरच्यांनी जीव टांगणीला लावू नये.

पण विसरणं एकाएकी, दोन-चार दिवसांत सुरू झालं असेल तर ते म्हातारपण नाही. लघवीचं इन्फेक्शन, रक्तातली साखर किंवा मीठ कमी होणं, डोक्याला मार, नवीन गोळी, यातलं काही असू शकतं. हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणातही बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. नजर उतरवायची ती उतरवा, दम (दुआ पढून फुंकर) करून घ्यायचा तर घ्या, पण डॉक्टरकडे जाणं त्यासाठी थांबवू नका.

“आता अल्लाहने उचलावं” हे म्हातारी माणसं बोलतातच, असं म्हणून सोडून देऊ नका. झोप उडाली आहे का, जेवण टाकलं आहे का, आवडत्या नातवंडाकडेही बघत नाहीत का, हे बघा. तसं असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. शोहर गेलेल्या बायकांकडे तर जास्त लक्ष द्या. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून त्या साखरेची, डोळ्यांची तपासणी चुकवतात. इलाजासाठी बाहेर पडायला इद्दतीत परवानगी आहे. गाडी दारात आणा आणि घेऊन जा.

पैसा आणि कागद

पूर्वी मनीऑर्डर किंवा ड्राफ्ट बापाच्या नावावर यायचा. आता पैसे सुनेच्या खात्यावर येतात, आणि ते सोयीचंही आहे. पण बुजुर्गांच्या हातात दर महिन्याला ठरलेली रक्कम, न मागता, नोटांमध्ये पडली पाहिजे. ती कशावर खर्च झाली ते विचारायचं नाही. ईदीला नातवंडांना द्यायच्या नोटा त्यांच्या स्वतःच्या बटव्यातून निघाल्या पाहिजेत.

राहत्या घराचा हिबा (बक्षीस देणं) एका मुलाच्या नावे घाईने करू नका. केलाच तर तो तोंडी ठेवू नका. आईबापांना शेवटपर्यंत सांभाळण्याची अट वकिलाकडून लेखी घालून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये अशी अट मोडली तर दिलेली मिळकत परत मिळवता येते. वसियत एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांच्या राजीखुशीनेच. मयताला मुलंबाळं असतील तर बेवेचा आठवा हिस्सा, आईचा सहावा हिस्सा, हे कुरआनने ठरवून दिलेलं आहे; मग तलाठ्याकडे वारस नोंद करताना बायकांची नावं का राहतात? सातबारा काढून बघा.

सरकारी गोष्टी थोडक्यात. 75 पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, 65 पासून अर्धं तिकीट. 70 च्या पुढे, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत दवाखान्याचा इलाज. आधार घेऊन जाऊन काढून घ्या. गरीब, 65 च्या पुढच्यांना श्रावणबाळ योजनेत महिना 1500 रुपये, अर्ज तहसीलला. कुणाला घरात त्रास होत असेल तर 14567 या क्रमांकावर फुकट फोन लागतो. मोहल्ल्यात कुणाचा मुलगा विचारत नसेल तर जमातीने आधी समजवावं, आणि नाही ऐकलं तर प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करायला त्या माणसाबरोबर जावं.

सुनेचं काय

आईबापांची खिदमत ही औलादीची जिम्मेदारी आहे, मुलग्यांची आणि मुलींची. सून करते तो तिचा एहसान आहे. मी स्वतः सून आहे, अम्मी-बावांवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच हे लिहायचा मला हक्क वाटतो. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, तीही एकटीने, तर सहा महिन्यांत तिची कंबर जाते. परदेशातल्या मुलाने पैसे पाठवताना मदतीला ठेवायच्या बाईचा पगार वेगळा पाठवावा. नणंदांनी पाहुणी म्हणून नव्हे, आठवडाभर सेवेची पाळी घ्यायला यावं, आणि त्या आठवड्यात सुनेने माहेरी जावं.

सुट्टीवर येणाऱ्या मुलाला

मुलगा महिनाभर येतो आणि लग्नं, दावती, घराच्या कामात महिना संपतो. पहिला आठवडा आईबापांचा ठेवा. डोळे, दात आणि कान तिन्ही दाखवा; मंडणगडला नाही झालं तर महाडला, किंवा वेश्वीच्या जंगलजेटीने (फेरीबोटीने) पलीकडे श्रीवर्धनला. कानाला ऐकू येत नाही म्हणून पुष्कळ म्हातारी माणसं गप्प बसतात आणि आपण त्यांना रागीट समजतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरपुढे ओता आणि कुठली बंद करायची ते विचारा. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन नावांनी चाललेली मला कितीदा सापडली आहे. बँकेतला नॉमिनी बघा. मग बापाबरोबर एकटे बसा आणि विचारा: कुणाचं देणं आहे का, कुणाची अमानत तुमच्याकडे आहे का, किती रोजे राहिलेत, कब्रस्तानात कुणाच्या शेजारी जागा हवी. मय्यत उठवण्याआधी वारसांना हे माहीत असावं लागतं, आणि हा विषय सुनेने काढायचा नसतो. तुम्हीच काढा, आणि ते सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या.